पेठेतल्या मोरीचे काम : देखरेख समितीच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५

निर्वाचित सदस्यांची मुदत संपून प्रशासकीय राजवट सुरू झाल्यापासून, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात सांगितलेली सार्वजनिक बांधकाम समिती आमच्या शहरात अस्तित्वात नाही. दुरुस्तीची कामे मात्र कोणाच्या मुदतीची वाट पाहत नाहीत. म्हणून प्रशासकांनी एक देखरेख समिती नेमली आहे. तिच्यात नगर अभियंता, पाणीपुरवठा शाखेचे अभियंता, एक निवृत्त शाखा अभियंता, व्यापाऱ्यांचे एक प्रतिनिधी आणि मोरीलगत बसणाऱ्या मासळीविक्रेत्यांच्या वतीने एक ताई आहेत. सदस्य-सचिव म्हणून इतिवृत्त व या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे, म्हणजे बांधकाम शाखेच्या कनिष्ठ अभियंत्याकडे, आले आहे.

आज समितीने पेठेतल्या रस्त्याची पाहणी केली. व्यापारी प्रतिनिधींची मागणी सरळ होती, की शिमग्यापूर्वी रस्त्यावर डांबराचा नवा थर द्यावा. मी कार्यालयातून जुन्या मोजमाप पुस्तिका बरोबर नेल्या होत्या. याच दोनशे मीटरच्या तुकड्यावर गेल्या दहा वर्षांत तीनदा डांबरीकरण झाले आणि तिन्ही वेळा पहिल्याच पावसाळ्यात खड्डे मोरीच्या बाजूनेच सुरू झाले, हे त्यांत स्वच्छ दिसते. निवृत्त शाखा अभियंत्यांनी पुस्तिका चाळून एवढेच विचारले, "तीनदा रस्ता केलात, मोरी किती वेळा केलीत?" त्याचे उत्तर पुस्तिकांत सापडले नाही.

एक गोष्ट येथे स्पष्ट लिहून ठेवतो. चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर जिल्ह्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे आमच्याकडेही सभेत 'पूर' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आमच्या पेठेत नदी शिरत नाही. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, उतरणारा पऱ्या (ओढा) खाडीला मिळण्याआधी पेठेखालच्या मोरीत अडतो आणि मागे तुंबतो. पूर आणि तुंबणे यांवरचे उपाय वेगळे असतात, आणि तुंबण्यावरचा उपाय बहुतेक वेळा आपल्या हातात असतो.

१५ जानेवारी २०२५

पौर्णिमा परवा झाली, म्हणजे आज कृष्ण द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्याप्रमाणे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी सकाळी साडेसातला धरून दोन मुकादमांसह खाडीच्या बाजूने मोरीत उतरलो.

मोरी जांभ्याच्या चिऱ्यांची आहे. आतली रुंदी १.२ मीटर आणि उंची ०.९ मीटर भरली, पण तळाशी गाळ साचल्यामुळे प्रत्यक्ष मोकळी उंची सहा-सात इंच कमी आहे. चिरे अजून बरे आहेत, सांध्यांतला चुना मात्र बोटाने खरवडला तरी निघतो. दरवर्षी पावसाळापूर्व सफाईत हाच गाळ काढला जातो, त्याची देयकेही निघतात, तरी पाणी तुंबते. त्याचे कारण आज विजेरीच्या उजेडात दिसले. खाडीच्या मुखापासून चार मीटर आत, मोरीच्या बरोबर मध्यावर, एका भिंतीतून शिरून दुसऱ्या भिंतीत जाणारी दीडशे मिलिमीटर व्यासाची बिडाची जलवाहिनी आहे. तिच्यावर नारळाची सोडणे, एक अख्खी झावळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जाळ्याचा तुकडा असे सगळे एकमेकांत गुंतून घट्ट बसले होते. मुकादमाने कोयत्याने झावळ तोडली तेव्हा मागे साचलेले पाणी घोट्यापर्यंत एकदम आले. सफाईचे मजूर दोन्ही तोंडांकडून हात पोहोचेल तेवढा गाळ काढत आणि मधली ही चाळण तशीच राहत असे.

जलवाहिनी आमच्याच कार्यालयाने टाकलेली आहे. केव्हा टाकली याचा कागद पाणीपुरवठा शाखेत नाही आणि बांधकाम शाखेतही नाही. शाखेच्या अभियंत्यांनी ती चालू असल्याचे मान्य केले. खालच्या वाडीचे निम्मे पाणी तिच्यातूनच जाते.

दुसरी बाब पातळीची. मोरीच्या खाडीकडील भिंतीवर कालवांची आणि काळपट शेवाळाची एक रेघ आहे, तीच उधाणाच्या भरतीची खूण. पातळी मोजण्याचे ऑटो लेव्हल यंत्र लावून पाहता ही रेघ पेठेतल्या गटाराच्या तळापेक्षा ४२ सेंटिमीटर वर निघाली. म्हणजे पावसाचा थेंब नसतानाही प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेला खारे पाणी गटारात शिरते, खडीच्या थराला खालून भिजवते आणि ओहोटीबरोबर बारीक माती घेऊन परत जाते. वरून कितीही डांबर ओतले तरी रस्ता खालून पोकळ होत राहणार, हे आता समितीपुढे आकड्यांनिशी मांडता येईल.

२४ जानेवारी २०२५

अंदाजपत्रक तयार केले.

मोरीत येणाऱ्या पाण्याचा हिशेब पुढीलप्रमाणे धरला. सड्याचा उतार आणि वस्ती मिळून पाणलोट ४२ हेक्टर आहे. कातळ आणि छपरे जास्त असल्यामुळे वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक ०.६ घेतला, पावसाची तीव्रता तासाला १०० मिलिमीटर. त्यावरून सेकंदाला ७ घनमीटर पाणी निघते. जुन्या मोरीचे मोकळे क्षेत्र गाळ नसतानाही एक चौरस मीटरच्या थोडे वर आहे, म्हणजे तिच्यातून हे पाणी जाण्यासाठी त्याला सेकंदाला साडेसहा मीटर वेग लागेल, जो एवढ्या सपाट उतारावर मिळणे शक्य नाही. १.५ बाय १.५ मीटरचे दोन गाळे, म्हणजे पाणी जाण्याच्या दोन वाटा, घेतले तर क्षेत्र साडेचार चौरस मीटर होते आणि वेग दीड मीटरवर येतो. म्हणून दोन गाळ्यांची आरसीसी पेटी-मोरी प्रस्तावित केली.

काँक्रीटच्या प्रतीवर मला दोन दिवस लागले. कार्यालयात मोऱ्यांसाठी वापरले जाणारे तयार अंदाजपत्रक एम २० प्रतीचे (एमपुढचा आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत) आहे आणि ते वर्षानुवर्षे केवळ मापे बदलून पुढे चालत आले आहे. घाटाच्या पायथ्याच्या गावात ते चालूनही जाईल. पण आयएस ४५६ : २००० या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात किनारी भागासाठी 'तीव्र', समुद्राच्या फवाऱ्यासाठी 'अतितीव्र' आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येणाऱ्या बांधकामासाठी 'आत्यंतिक' अशा चढत्या पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीला किमान एम ४० प्रत, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० पेक्षा अधिक नाही, घनमीटरला किमान ३६० किलो सिमेंट आणि सळईवर काँक्रीटचे ७५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. आमची मोरी दिवसातून दोनदा भिजते आणि दोनदा सुकते. मिठाला सळईपर्यंत नेण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था नाही, कारण सुकताना पाणी उडून जाते आणि मीठ आत राहते. गंजलेली सळई मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागते आणि काँक्रीट आतून फोडते. बंदरावरच्या जुन्या धक्क्याचे खांब ज्याने पाहिले असतील त्याला हे वेगळे सांगायला नको.

एम ४० धरल्याने खर्च ४ लाख १० हजारांनी वाढून ३८ लाख ६० हजार झाला. ही वाढ समितीत अडणार, याची मला कल्पना आहे.

३० जानेवारी २०२५

मोरी मोठी केली म्हणजे पऱ्याचे पाणी लवकर जाईल, हे खरे. पण भरतीचे पाणीही तितक्याच ऐसपैस आत येईल. हा प्रश्न निवृत्त शाखा अभियंत्यांनीच काढला आणि आज ते मला खाडीपलीकडच्या खाजणातल्या एका जुन्या खारबंधाऱ्यावर, म्हणजे शेतात खारे पाणी येऊ न देणाऱ्या बांधावर, घेऊन गेले.

तिथे उघाडी पाहिली. बंधाऱ्याच्या पोटातून जाणाऱ्या गाळ्याच्या खाडीकडील तोंडावर वरून टांगलेले लाकडी दार असते. ओहोटीला शेतातले पाणी दार बाहेर ढकलून निघून जाते आणि भरती चढू लागली की खाडीचे पाणीच ते दार चौकटीवर दाबून बसवते. वीज, पंप, पहारेकरी यांपैकी काही लागत नाही. खारभूमीच्या बंधाऱ्यांवर अनेक पिढ्या हेच वापरले जाते, आणि अर्ध्या कोसावरच्या आमच्या शहराला ते कधी सुचले नाही. शेती खाते वेगळे, नगरपालिका वेगळी, एवढेच त्याचे कारण असावे.

उघाडीची राखण करणारे एक वृद्ध शेतकरी बांधावर बसले होते. त्यांना मी 'आजोबा' म्हणून दाराच्या मापाविषयी विचारले तर त्यांनी मापाऐवजी दोन गोष्टी सांगितल्या. "चौकट उभी सरळ लावू नका, खालून जरा पुढं काढा, म्हणजे दार आपल्याच भारानं टेकतं. आणि दाराला वजन हवं. हलकं दार पाणी पाहून तरंगतं." पहिली सूचना मी आराखड्यात लगेच घेतली. दुसरी वहीत लिहिली, आणि वहीतच राहिली. त्याविषयी पुढे येईल.

४ फेब्रुवारी २०२५

समितीची सभा पावणेतीन तास चालली.

व्यापारी प्रतिनिधींनी दोन आक्षेप नोंदवले. पहिला, की एप्रिल-मे हा चाकरमान्यांच्या सुटीचा आणि आंबा खरेदीचा काळ असताना पेठ खोदू नये. दुसरा, की जमिनीखाली चाळीस लाख घालून दिसणार काय? पहिला आक्षेप योग्य आहे आणि त्यावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. मोरीचे काम कोरड्या दिवसांतच होऊ शकते आणि आमच्याकडे कोरडे दिवस आणि गिऱ्हाईक एकाच वेळी येतात. रस्त्याची अर्धी रुंदी कायम चालू ठेवण्याची अट ठरावात घालून तडजोड झाली. दुसऱ्या आक्षेपाला ताईंनी परस्पर उत्तर दिले. गेल्या पावसात भाऊंच्याच, म्हणजे व्यापारी प्रतिनिधींच्याच, दुकानातली साखरेची पोती भिजली तेव्हा पाणी खारट लागत होते की नाही, असे त्यांनी विचारले. सभेत हशा झाला आणि भाऊही हसले.

ताईंची स्वतःची तक्रार मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मोरीच्या कठड्यालगत बसणाऱ्या सात मासळीविक्रेत्यांना काम चालू असताना कुठे बसवणार, याचा उल्लेख माझ्या प्रस्तावात नव्हता. ती चूक माझी. जुन्या जकात नाक्याच्या पडवीत त्यांची तात्पुरती सोय करावी आणि पाण्याचा एक नळ द्यावा, असे ठरावात समाविष्ट केले.

जलवाहिनी मोरीच्या छतावरून स्वतंत्र नळीतून नेणे, खाडीच्या तोंडाला दोन उघाडी-दारे बसवणे आणि डांबरीकरण दिवाळीनंतर करणे, असा ठराव एकमताने झाला. कांदळवन मुखापासून टेपने ६१ मीटरवर आहे. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातला कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा आणि सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) या दोन्हींबाबतचा पत्रव्यवहार नगररचना शाखेकडे सोपवला.

२१ फेब्रुवारी २०२५

तांत्रिक मान्यता मिळाली. ई-निविदेचा मसुदा लेखा शाखेकडे दिला.

१० मार्च २०२५

शिमगा तोंडावर आहे. ग्रामदेवतेची पालखी याच रस्त्याने जाते आणि खांदेकरी अनवाणी असतात, त्यामुळे खड्ड्यांचा विषय पुन्हा उसळला. निविदा उघडलेली नसल्याने मोरीला हात लावता येत नव्हता. कार्यालयाच्या मजुरांकडून खड्ड्यांत जांभ्याची कपची आणि बारीक खडी भरून, पाणी मारून, हाताच्या रोलरने दाबून घेतली. दोन महिन्यांत उखडणार हे माहीत असलेले काम करताना बरे वाटत नाही. पण पालखीच्या वाटेवर तांत्रिक कारणे सांगत उभे राहणे त्याहून अवघड आहे.

२४ मार्च २०२५

तीन निविदा आल्या. सर्वांत कमी दराच्या ठेकेदारास कार्यारंभ आदेश दिला. मुदत ३१ मे. त्यांचे मजूर विजापूरकडचे असून पाडव्यासाठी गावी जाणार आहेत, त्यामुळे काम प्रत्यक्षात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. नेहमीचा पाऊस ७ जूनच्या आसपास धरला तर हाताशी आठ आठवडे राहतात.

९ एप्रिल २०२५

भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, साधून ७ तारखेला खाडीच्या बाजूने मातीच्या गोणींचा बांध घातला आणि पऱ्याचे उरलेसुरले पाणी पंपाने बाजूला काढले.

जलवाहिनी हलवण्यासाठी एक दिवस पाणी बंद राहील, असे शहरात जाहीर केले होते. प्रत्यक्षात तीन दिवस लागले. वरचा व्हॉल्व्ह बंद होईना. चाक फिरत होते, पण आतला दांडा केव्हाच तुटलेला होता. त्यामागचा व्हॉल्व्ह शोधण्यासाठी रस्ता दोन ठिकाणी खोदावा लागला आणि तो अखेर एका पानपट्टीच्या ओट्याखाली सापडला. खालच्या वाडीत टँकर पाठवले. वाडीतल्या महिलांनी कार्यालयात येऊन विचारले, की मोरी दुरुस्त करताय की आमचे पाणी तोडताय? त्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. जुनी वाहिनी कापून बाहेर काढली तेव्हा तिच्या वरच्या अंगाला सोडणांच्या सततच्या घासण्याने एक गुळगुळीत पट्टा पडलेला दिसला.

१९ एप्रिल २०२५

परवा तळाचे काँक्रीट आहे, म्हणून सळयांची तपासणी केली. व्यास आणि अंतर आराखड्याप्रमाणे आहेत. बांधणीही चांगली आहे.

आवरणासाठी मात्र सळयांखाली चिऱ्याचे तुकडे ठेवलेले होते. मी एक तुकडा काढून बादलीतल्या पाण्यात टाकला आणि ठेकेदारांच्या पर्यवेक्षकाला पाहायला सांगितले. बुडबुडे येत राहिले. जांभा पाणी पितो, हे घर बांधणाऱ्या कोणालाही येथे माहीत असते. खाली असा तुकडा राहिला म्हणजे खाऱ्या पाण्याला सळईपर्यंत तयार वात लावून दिल्यासारखे होते. ७५ मिलिमीटर आवरणाचा अर्थ तेवढ्या उंचीवर सळई उचलणे एवढाच नाही, तर त्या ७५ मिलिमीटरमध्ये सगळीकडे तेच घट्ट काँक्रीट असणे हा आहे. पर्यवेक्षकाचे म्हणणे होते, की इतकी वर्षे असेच करतो, कोणी हरकत घेतली नाही. ते खरेच असावे.

सर्व तुकडे काढायला लावले. त्याच प्रतीच्या काँक्रीटचे ठोकळे उद्या दुपारपर्यंत येतील असे ठेकेदारांनी लिहून दिले. ठोकळे मोजून पाहिल्याशिवाय काँक्रीटची परवानगी देणार नाही, असा शेरा कामाच्या नोंदवहीत लिहिला.

२१ एप्रिल २०२५

ठोकळे आले, बसवले, मोजले. तळाचे काँक्रीट सकाळी सात ते दुपारी एक. एम ४० साइटवरच्या मिक्सरने भरवशाचे होत नाही, म्हणून ते ३८ किलोमीटरवरच्या प्लांटवरून आणले. रस्त्यावर दीड तास जातो, त्यामुळे जमण्याचा वेग कमी करणारे रसायन घातले होते. चौथ्या गाडीच्या चालकाने उतरवण्याआधी पाइप लावून त्यात पाणी सोडायला सुरुवात केली, ती गाडी परत पाठवली. ताकदीच्या चाचणीसाठी काँक्रीटचे सहा ठोकळे वेगळे भरून घेतले.

१९ मे २०२५

तळाच्या चाचणी-ठोकळ्यांचे २८ दिवसांचे अहवाल आले. तपासलेले तिन्ही दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटनच्या वर आहेत. पहिल्या गाळ्याच्या भिंती ५ मे रोजी आणि छत १० मे रोजी झाले. सात दिवसांनंतर टेकू काढले. दुसऱ्या गाळ्याच्या भिंती उभ्या आहेत, छताचे सेंटरिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा) चालू आहे. उघाडीची दारे अजून कारखान्यातच आहेत. लाकडाऐवजी एचडीपीई या टणक प्लॅस्टिकची २५ मिलिमीटर जाडीची पाटी आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेसच्या बिजागऱ्या घेतल्या आहेत.

२१ मे २०२५

कालपासून पाऊस आहे, आणि तो वळवाचा दिसत नाही. वळीव संध्याकाळी गडगडून येतो आणि जातो. हा दिवसभर एका लयीत पडतो आहे. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असल्याचा इशारा आला आहे.

पऱ्याचे पाणी पंपाच्या आवाक्याबाहेर गेले. ठेकेदारांचे म्हणणे, बांध राखून दुसऱ्या गाळ्याचे छत उरकावे, चार दिवस मिळाले तर पुरे. माझे मत वेगळे पडले. बांध राहिला आणि पाऊस वाढला, तर मागचे पाणी पेठेत जाईल आणि त्याला निघायला जुनी मोरीही उरलेली नाही. नगर अभियंता जिल्हा मुख्यालयी बैठकीला होते, फोन लागेना. दुपारी एक वाजता ओहोटी धरून मी पहिल्या गाळ्यासमोरचा बांध फोडायला सांगितला आणि दुसरा गाळा गोणींनी बंद केला. दुसऱ्या गाळ्याचे सेंटरिंग भिजले आणि काही प्लायवुड वाहून गेले. ते नुकसान कोणी सोसायचे यावर ठेकेदारांचे पत्र उद्या येईलच. समितीची पूर्वपरवानगी घेतलेली नाही, हे येथेच नोंदवतो.

२७ मे २०२५

तीव्र झालेले कमी दाबाचे क्षेत्र २४ तारखेला रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. २५ तारखेला हवामान विभागाने महाराष्ट्रात मोसमी पाऊस पोहोचल्याचे जाहीर केले. आमच्या आठ आठवड्यांच्या हिशेबातून दोन आठवडे असेच गेले.

२४ तारखेच्या रात्री एकटा पहिला गाळा तीन चतुर्थांश भरून वाहिला. पेठेत पाणी आले नाही. मी आणि मुकादम दोन वाजेपर्यंत कठड्यावर विजेरी घेऊन उभे होतो; गाळ्याच्या तोंडाशी झावळ आली की बांबूने सोडवून आत ढकलायची, एवढेच काम होते.

आज अमावास्या. उधाणाची भरती सकाळी साडेअकराच्या पुढे आणि गाळ्याला दार नाही. अपेक्षेप्रमाणे खाडीचे पाणी आत आले, आणि मोरी मोठी असल्यामुळे जुन्या दिवसांपेक्षा लवकर आले. गटार भरून पहिल्या पाच दुकानांच्या पायरीला पाणी लागले. भाऊंच्या दुकानापुढे रेतीच्या गोण्या रचल्या होत्या, त्यामुळे आत गेले नाही. त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितले, की गेल्या वर्षी मे महिन्यात येथे पाणी नव्हते, यंदा तुम्ही ते आणले. मोरी अर्धवट असताना ते विधान चुकीचे नाही.

संध्याकाळच्या तातडीच्या सभेत बांध फोडण्याच्या निर्णयाला कार्योत्तर मान्यता मिळाली. प्लायवुडच्या नुकसानाचा प्रश्न निविदेच्या अटी पाहून ठरणार आहे. नगर अभियंत्यांनी सभेनंतर एकट्याला गाठून सांगितले, "निर्णय बरोबर होता, पण पुढच्या वेळी फोन लागला नाही तर मेसेज टाकून ठेव. कागद लागतो रे."

४ जून २०२५

भांगाच्या दिवसांत पहिल्या गाळ्याचे दार बसवले. दुसऱ्या गाळ्याचे छत ३० मे रोजी उघडीप साधून ताडपत्रीखाली झाले होते.

११ जून २०२५

पौर्णिमेच्या भरतीला दाराची परीक्षा घेतली आणि दार त्यात नापास झाले. पाणी चढू लागल्यावर ते चौकटीवर टेकले नाही. खालची कड चार बोटे उघडी ठेवून हेलकावत राहिले आणि त्या फटीतून बराच वेळ पाणी आत गेले. बाहेरची पातळी चांगली वर आल्यावर मगच ते बसले.

कार्यालयात येऊन हिशेब मांडला. पाटी १.६ बाय १.६ मीटर, वजन सुमारे साठ किलो. ती बुडाली की बाजूला सारलेले खारे पाणी पासष्ट किलोच्या आसपास. म्हणजे दार पाण्यापेक्षा हलके, आणि ते तरंगायचाच प्रयत्न करणार. ३० जानेवारीच्या पानावर आजोबांचे वाक्य माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. लाकडाऐवजी न कुजणारी वस्तू घेतली याचे मला समाधान होते आणि त्या समाधानात घनता पाहायची राहिली.

दोन्ही दारांच्या खालच्या कडेला पंधरा किलोची स्टेनलेस पट्टी बोल्टने बसवण्यास सांगितले. याचा खर्च ठेकेदारांकडे लावता येणार नाही. आराखडा आमचा आहे.

२६ जून २०२५

दोन्ही दारे पट्ट्यांसह बसून आठ दिवस झाले. कालच्या अमावास्येनंतरचे उधाण आणि पाऊस आज एकाच वेळी आले, म्हणून साडेअकरापासून मोजपट्टी लावून उभा राहिलो. दारे लवकर टेकली आणि शेवटपर्यंत टेकून राहिली. भरतीच्या शिखराला बाहेरचे पाणी गटाराच्या तळापेक्षा हातभर वर होते आणि आत खाऱ्या पाण्याचा शिरकाव बिजागरीच्या बाजूने पाझरला तेवढाच.

दार बंद असताना सड्यावरून आलेल्या पाण्याला मात्र थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. पावणेदोन तासांत ते गटार भरून रस्त्याच्या कडेला लागले आणि ओहोटी सुरू होऊन दारे उघडेपर्यंत तिथेच राहिले. आजचा पाऊस मध्यम होता. भरतीच्या नेमक्या तीन तासांत अतिवृष्टी झाली, तर पाणी रस्त्यावर येईल. खारबंधाऱ्यामागे असे पाणी पसरायला शेत असते, पेठेमागे दुकाने आहेत. मोरीच्या वरच्या अंगाला नगरपरिषदेची जी पडीक जागा आहे तिथे साठवण खड्डा करता येईल का, याचा प्रस्ताव पुढच्या सभेत ठेवत आहे. हे काम संपले असे समितीला सांगताना ही मर्यादा लेखी द्यावी, असे माझे मत आहे.

८ जुलै २०२५

अंतिम मोजमापे घेतली. रोखून ठेवलेल्या रकमेसह देयक लेखा शाखेकडे पाठवले. दोष दायित्वाचा, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदारांनी दुरुस्त करून देण्याचा, कालावधी तीन वर्षे. प्लायवुडचा वाद निम्म्या-निम्म्यावर मिटला. मासळीविक्रेत्या परवा पुन्हा कठड्यालगत बसू लागल्या; नवा कठडा वीतभर उंच झाल्यामुळे पाठ टेकता येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

पऱ्याच्या बाजूने मोरीच्या तोंडाला तिरपी जाळी बसवली आहे. ती रोज साफ झाली नाही तर जुन्या जलवाहिनीचेच काम ही जाळी करील. स्वच्छता शाखेकडे त्यासाठी माणूस नाही आणि पद निर्माण करण्याचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात जाऊन येईपर्यंत हा पावसाळा संपेल. तोवर जाळीच्या कुलपाची एक किल्ली मुकादमाकडे आणि दुसरी ताईंकडे दिली आहे. आज सकाळी जाळीतून अकरा सोडणे, एक झावळ आणि डाव्या पायाच्या दोन चपला निघाल्या. काढणाऱ्याचे नाव व वेळ लिहिण्यासाठी शंभर पानी वही कठड्याच्या कोनाड्यात पिशवीत घालून ठेवली आहे. पहिल्या पानावर ताईंची सही आहे.